घडवंचीची फळी

शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या की आमची मा म्हणायची, "आले गो, बापाचे पावणे आले, चहा टाक." पाहुणे वगैरे कोणी नसायचे, नुसता तो आवाज. पण तो इतका माणसांच्या कुजबुजीसारखा यायचा की नवीन माणूस दार उघडून बघायचा. बहारीनमध्ये, सनद गावात, बू राशिद यांच्या जुन्या घरामागे आमच्या दोन खोल्या होत्या, मध्ये सामाईक अंगण आणि अंगणात हे झाड. बू राशिद म्हणजे राशिदचा बाप. इकडे अरबांमध्ये माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, त्यांचं खरं नाव मला आजही नीट ठाऊक नाही. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापाराला मुंबईला जायचे, तिथून येताना खिशात शेंगा घालून आणल्या आणि इथे खोचल्या, अशी त्या झाडाची गोष्ट. ती बू राशिद दर रमजानला नव्यानं सांगायचे, आणि त्यांचं हिंदी मुंबईच्या गोदीवरचं असल्यामुळे आम्हाला ऐकायला बरं वाटायचं.

घरात आम्ही तिघंच. माझ्या थोरल्या बहिणी लग्न होऊन गावी, दाभोळच्या खाडीकाठी. बाबा मूळचे होड्या बांधणारे, इथे सित्रातल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात दारं-खिडक्या करायचे. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर भोंगा द्यायची, तोवर माच्या तव्यावर तांदळाची भाकरी फुगलेली असायची, सुका बांगडा भाजल्याचा वास बू राशिद यांच्या मजलिसपर्यंत, म्हणजे पुरुषांच्या बैठकीपर्यंत, गेलेला असायचा, आणि त्यांची बायको भिंतीपलीकडून ओरडायची, "उम्म साजिदा, समक! समक!" उम्म साजिदा म्हणजे साजिदाची आई, थोरल्या बहिणी त्यांनी पाहिलेल्याच नव्हत्या म्हणून माझ्या नावानं; आणि समक म्हणजे मासे, जळतायत की काय. मा इकडून ओरडायची, "जळत नाय गो बाय, भाजतंय!" एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला अरबी यथातथाच, आणि दोघी वर्षानुवर्षं मजेत भांडल्या. त्यांच्याकडून गहू-मटण घोटून केलेलं हरीस यायचं, आमच्याकडून सांदणं जायची. रिकामं भांडं कुणी परत केलं नाही.

मी अकरावीत गेले त्या थंडीत बाबा एके दिवशी बसमधून उतरले ते सरळ झाडाखाली जाऊन बसले. डबासुद्धा धुवायला दिला नाही. कारखाना बंद होणार होता. साहेबानं सांगितलं होतं, पुढच्या थंडीपर्यंत काम आहे, मग खलास, ज्याला दुसरा मालक मिळेल त्यानं व्हिसा बदलून घ्यावा, बाकीच्यांना तिकीट. बाबा पन्नाशीला टेकलेले. त्या वयाच्या सुताराला नवा मालक कुठून मिळतो? मा म्हणाली, "जाऊ गावाला, त्यात काय. घर हाय, विहीर हाय." पण ती हे भांड्यांकडे बघत म्हणाली. आणि मला काय झालं ते मी स्पष्टच सांगते. मला रडू आलं, आणि ते गावासाठी नव्हतं, शाळेसाठीही पूर्ण नव्हतं. गावी आमच्या चुलत्यानं माझ्यासाठी एक स्थळ केव्हाचं धरून ठेवलं होतं. पाय ठेवल्या ठेवल्या माझं शिक्षण गुंडाळलं गेलं असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मला इथे राहायचं होतं. बस्स, एवढंच हवं होतं मला, आणि ते मागायचं कुणाकडे हे कळत नव्हतं.

त्याच दिवसांत झाड पाडलं. मुळ्या पाण्याच्या टाकीत शिरल्या होत्या, टाकीला भेग गेली होती, इलाज नव्हता. बू राशिद दिवसभर खुर्ची टाकून बसले आणि झाड आडवं झालं तेव्हा उठून घरात गेले. संध्याकाळी ते परत आले ते हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक. गोळी तिच्यातून कित्येक वर्षांत सुटली नव्हती, पण ईदला आणि लग्नाला पुरुष अरधा नाचतात ना, ढोलाच्या तालावर, तलवारी-बंदुका उंचावून, त्यात ही मानाची. तिचा लाकडी दस्ता वाळवीनं पोखरला होता. बोट लावलं की पीठ पडायचं. पुढच्या थंडीत त्यांच्या धाकट्याचं लग्न होतं. बू राशिद बाबांना म्हणाले, "इब्राहिम, बाप का बंदूक, बाप का झाड. दस्ता इसी का चाहिए."

बाबांनी खोडावर हात फिरवला. गावाकडे रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुकांना त्यांनी दस्ते बसवलेले होते, काम ठाऊक होतं. "होईल," म्हणाले. मग, कधी नव्हे ते, कारखान्याचं सांगितलं. बू राशिद यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या नावावर एका वर्कशॉपचा परवाना पडून होता, राशिदनं काढलेला आणि मग कंटाळून सोडलेला; त्यावर बाबांना व्हिसा मिळू शकत होता. "देखेंगे," ते म्हणाले. "पहले बंदूक. इंशाल्ला." मा पडद्याआडून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "देखेंगे म्हणजे हो का नाय हो?" बाबा म्हणाले, "म्हणजे दस्ता चांगला झाला पायजे."

कारखान्यातल्या यंत्रावर एवढं खोड चढणार नव्हतं आणि तिथे नेणार तरी कोण. म्हणून बाबांनी ते अंगणातच चिरायचं ठरवलं, गावाकडच्या पद्धतीनं. तेलाच्या रिकाम्या पिंपांवर ओंडका चढवला, काजळीत भिजवलेल्या दोरीनं त्यावर रेघा उठवल्या आणि दोन माणसांची लांब करवत काढली. वर बाबा, खाली मी. खालच्या माणसानं तोंडाला फडकं बांधायचं आणि वर बघायचं नाही, हा पहिला धडा. मी अर्थातच वर बघितलं आणि डोळे भुशानं भरले. मा म्हणाली, "शाबास, आता काजळ नको लावायला." पण करवत रेघेवर धरायला मी लवकर शिकले. ओढायचं, ढकलायचं नाही. करवत परत वर ओढायचं काम वरच्याचं. पहिली फळी सुटून पडली तेव्हा आतला रंग बघायला आम्ही तिघंही वाकलो. बाहेरून राखाडी दिसणारं झाड आतून गडद तपकिरी, मध्ये काळसर लाटा. आज मी याच धंद्यात आहे म्हणून मला माहीत आहे की परदेशातले लाकूडवाले शिरीषाला हिंदी अक्रोड म्हणून विकतात, आणि भल्याभल्यांना फरक कळत नाही. तेव्हा मला एवढंच वाटलं की असलं लाकूड आपल्या अंगणात उभं होतं आणि आपण त्यावर कपडे वाळत घालत होतो.

बेचक्याखालचा भाग सगळ्यात देखणा. बाबांनी त्यातून चार कच्चे दस्ते काढले, बंदुकीच्या आकाराचे ओबडधोबड ठोकळे, एक कामाचा आणि तीन हाताशी असावेत म्हणून. त्याच बेचक्यातून एक जाड फळी उरली. बाबा तिचेही दोन भाग करणार, एवढ्यात मा येऊन तिच्यावर चक्क बसली. "ही माझी. मला घडवंची करून द्या. पिण्याच्या पाण्याचे कॅन जमिनीवर ठेवून ठेवून माझी कंबर गेली." बाबा म्हणाले, "अगो, एवढं सुंदर लाकूड घडवंचीला?" मा म्हणाली, "का? पाणी काय सुंदर नसतं?" बाबांनी करवत खाली ठेवली. फळी आतल्या खोलीत गेली, भिंतीशी विटांवर आडवी ठेवली, आणि घडवंची होईस्तोवर मानं तिच्यावर तांदळाची पोती रचली. त्या खोलीत घरातला एकुलता एक एसी होता, म्हणजे पाहुणी फळी थाटात राहायला लागली.

चारही दस्ते मात्र बाबांनी समुद्रात नेले. आमच्याकडे होडीचं लाकूड असंच मुरवतात. चिरलं की खाडीत बुडवून ठेवायचं, भरती-ओहोटीचं पाणी त्यातला चीक काढून नेतं, मग सावलीत वाळवायचं. असं लाकूड तडकत नाही, त्याला कीड लागत नाही. बाबांच्या बापानं केलं, त्यांच्या बापानं केलं. वाळवीनं खाल्लेला दस्ता बघितल्यावर बाबांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. सित्राच्या किनाऱ्यावर त्यांच्या ओळखीच्या एका मच्छीमाराची होडी असायची, तिच्याजवळ दोरानं बांधून, दगड लावून त्यांनी दस्ते बुडवले आणि दर शुक्रवारी मला घेऊन बघायला जायचे. परत येताना रस्ताभर खूश. "बघ साजू, कसे जड झालेत. ह्यांना आता शंभर वर्षं काय होत नाय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी दस्ते बाहेर काढून जिन्याखाली वाळत ठेवले. वाळलेसुद्धा. आणि मग तो बहारीनचा ऑगस्ट आला, ज्यात भिंतीला पाठ टेकवली की कपडा भिजतो. एका सकाळी मा जिन्याखालून झाडू मारत होती ती थांबली. दस्त्यावर बोट फिरवलं आणि, देवाची शपथ, ते बोट तिनं चाखलं. "अवं, ऐकलांत काय? हे पाझरतायत." बाबा दाढी करत होते. म्हणाले, "दमट हवा हाय, सगळंच पाझरतं." मा म्हणाली, "सगळं पाझरतं तां वेगळं. हे सुक्या बांगड्यासारखे पाझरतायत. मीठ हाय आत. मीठ हवेतलं पाणी ओढतं, माझ्या बरणीतलं बघा जाऊन." बाबांनी वस्तरा खाली ठेवला. "होडी बांधायला तू शिकवणार मला?" मा म्हणाली, "होडी कुठाय हितं? हितं लोखंडाची नळी बसायची हाय." बाबा तसेच अर्ध्या दाढीनं बाहेर निघून गेले.

मा वाद सोडून आत गेली. तिनं शिवणाच्या डब्यातली नवी कोरी सुई घेतली आणि एका दस्त्यात टोचून ठेवली. मला डोळ्यांनी दटावलं, बोलू नको म्हणून. आठवड्यानं ती सुई तिनं उपटली, बशीत ठेवली आणि बाबांच्या चहाशेजारी ती बशी सरकवली. सुई तांबूस झाली होती, टोकाशी गंजून खडबडीत. बाबांनी ती उचलली, उजेडात धरली. बू राशिद यांच्या वडिलांची नळी त्या दस्त्यात बसवली असती तर लग्नापर्यंत टिकली असती, पुढच्या ईदला आतून सडून निघाली असती. होडीला मिठाचं काही वाटत नाही, ती जन्मभर मिठातच राहायची असते. हे बाबांच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत असावं. त्यांनी सुई परत बशीत ठेवली. शेवटी एवढंच म्हणाले, "चारी गेले गो."

बाकीच्या फळ्या पातळ होत्या, त्यांतून दस्ता निघणारा नव्हता. दुसऱ्या झाडाचं लाकूड आणून तेच म्हणून खपवावं, हा विचार बाबांच्या तोंडून निम्मा बाहेर आला आणि निम्मा त्यांनीच गिळला. दस्ता नाही म्हणजे वर्कशॉप नाही, वर्कशॉप नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि मग इथे पाय ठेवायला जागा उरत नव्हती. माझी नजर आतल्या खोलीकडे गेली. बाबांची आधीच गेली होती. मा दोघांकडे बघून म्हणाली, "बघू नका तिकडं." कुणी बघितलं नाही. मग ती उठली, आत गेली, आणि धपाधप आवाज यायला लागले. ती तांदळाची पोती उतरवत होती. आम्ही धावलो तर म्हणाली, "आता आलात होय? उचला." फळी सरळसोट वाळली होती. पोत्यांच्या वजनानं वाकली नव्हती, एसीच्या कोरड्या हवेत सावकाश सुकली होती, एक बारीकशी भेग तेवढी टोकाला. बाबांनी तिच्यावर बोटांची पेरं वाजवून बघितली आणि पहिल्यांदा हसले. मा हसली नाही. "माझी कंबर लक्षात ठेवा म्हणजे झालं," म्हणाली.

त्यानंतरचे ते महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. कारखान्यातून आल्यावर बाबा जेवायचे आणि आम्ही दोघं अंगणात बसायचो. रंधा, पटाशी, कानस. नळी बसायची खाच ते कोरायचे. खाचेत काजळी लावून नळी टेकवायची, उचलायची, जिथे काळं लागलं तेवढंच खरवडायचं, पुन्हा टेकवायची. मान आणि गालाचा भाग त्यांनी मला घासायला दिला, आधी जाड काचपेपर, मग बारीक. माझी परीक्षा जवळ होती तरी मा ओरडत नव्हती, यावरून समजा. शेवटी जवसाचं तेल चोळलं, एकदा, दोनदा, किती वेळा ते आता आठवत नाही. प्रत्येक हातासरशी त्या काळ्या लाटा वर येत गेल्या. पितळी कड्या चढवल्या तेव्हा बाबांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जड वाटते?" नाही वाटली. मध्यावर तोलून राहिली. त्या क्षणी मी ठरवलं की मला आयुष्यात हेच करायचंय. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सगळेच हसले असते.

लग्नाच्या दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर पुरुषांनी मोकळ्या जागेत दोन रांगा केल्या. आम्ही बायका गच्चीवर. ढोल सुरू झाले, डफ सुरू झाले, रांगा सावकाश झुलायला लागल्या. बू राशिद मधोमध, खांद्यावर ती बंदूक. आम्हाला वाटलं होतं की ती नुसती मिरवायची असते. ढोल चढला तशी त्यांनी बंदूक हातात गरगर फिरवली आणि, या अल्ला, सरळ आकाशात फेकली. माची पाचही बोटं माझ्या दंडात रुतली. "पडली तर मेलो आपण," ती पुटपुटली. बंदूक वर फिरली, पितळ चमकलं, आणि खाली आली ती बरोबर त्यांच्या मुठीत, दस्त्यावर. त्यांनी पुन्हा फेकली. पुन्हा झेलली. मग ती त्यांच्या भावानं घेतली, मग राशिदनं. खाली कडेला बाबा उभे होते, त्यांना बघवत नव्हतं म्हणून ते ढोलवाल्याकडे तोंड करून उभे. माच्या बोटांचे वळ माझ्या दंडावर दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बू राशिद हलव्याचं ताट घेऊन स्वतः आमच्या दारात. बाबांनी लगबगीनं खुर्ची पुसली. मा पडद्यामागे, मी मामागे. बू राशिद खूप वेळ बंदुकीचं बोलले, वडिलांचं बोलले, डोळे पुसले. मग म्हणाले, "इब्राहिम, बोलो. क्या चाहिए?" मी मामागून पुढे सरकले. आणि आमचे बाबा, ज्यांनी वर्षभर या एका प्रश्नाची वाट बघितली, मान खाली घालून म्हणाले, "कुछ नहीं, बू राशिद. आपकी दुआ है, बस."

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याआधी पडदा हलला. माझ्या आईनं, जी परक्या पुरुषासमोर त्या दिवसापर्यंत कधी तोंड उघडून बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि बाहेर येऊन उभी राहिली. "दुआ बाद में, बू राशिद," ती म्हणाली. "पहले वीझा! दुकान का! देखेंगे-बिखेंगे मफी!" मफी म्हणजे नाही, बंद. बाबांचा चेहरा पांढराफटक. बू राशिद असे हसले की ताटातला हलवा हलला. "और?" त्यांनी विचारलं. "और वो दस्ता मेरा फळी का है," मा म्हणाली. "मेरा कमर का हक होता. बाकी झाड हमको मंगता." बू राशिद उठले, छातीवर हात ठेवला. "यल्ला इब्राहिम," म्हणाले, "टोपी डालो, ऑफिस दस बजे खुलता है."

त्या वर्कशॉपमध्ये मी शाळा सुटल्यावर शिकले, नंतर चालवलं, आणि आता बाबा गेल्यालाही बरीच वर्षं झाली. अमवाज बेटांवरच्या बंगल्यांमधून जी लाकडी टेबलं लोक पाहुण्यांना दाखवतात त्यातली कितीतरी आमच्याकडची. मा माझ्याजवळ असते. तिची घडवंची त्याच झाडाच्या उरलेल्या लाकडातून बाबांनी त्याच वर्षी केली, तीन पातळ फळ्या जोडून. माझा नातू तिच्यावर पाण्याचा जार चढवतो आणि पणजीला इंग्रजीत विचारतो की एवढी जुनी वस्तू ठेवलीच कशाला. ती त्याला उत्तर देत नाही, नुसता जार सरळ करायला सांगते.

मागच्या थंडीत बू राशिद यांच्या नातवाचं लग्न झालं. ते स्वतः नाहीत आता. मा चाकाच्या खुर्चीत, आम्ही बायकांच्या बाजूला. ढोल चढले आणि त्या पोरानं, आजोबांसारखीच, बंदूक फिरवून आकाशात फेकली. माला आता लांबचं धड दिसत नाही, पण बायकांचा गलका ऐकून तिला कळलं. तिनं माझा दंड पकडला, तोच दंड, आणि सगळ्या अरब बायकांच्या मधोमध मोठ्यानं ओरडली, "अरे पोरा, नीट धर! माझी घडवंची हाय ती!"

त्यानं नीट धरली.